सरकारकडचं येणं आणि विधिमंडळाचा दरवाजा

हायवेत गेलेल्या चार गुंठ्यांचा मोबदला, वादळात मोडलेल्या माडांची मदत, मच्छीमार सोसायटीचा डिझेल परतावा, वहाळावरच्या साकवाचं शेवटचं बिल. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत सरकारकडून काही येणं असलेल्या माणसाला विचारलं की बहुधा यांतलंच एखादं निघतं. तलाठी, प्रांत, उपअभियंता अशी वारी वर्ष-दोन वर्षं झाली की कुणीतरी सांगतं, ‘आमदाराला धरा, विधानसभेत विषय लावा.’ सल्ला खोटा नाही. पण विषय लागला म्हणजे नेमकं काय होतं आणि काय होत नाही, हे सांगणारा सहसा भेटत नाही.

विधिमंडळ म्हणजे न्यायालय नव्हे. तुमचा आकडा बरोबर की खात्याचा, हे ते ठरवत नाही. ते पैशाला मंजुरी देतं, अडलेल्या फाईलबद्दल खात्याला जाब विचारतं आणि नियमच तोकडा असेल तर तो बदलायला लावू शकतं. अमेरिकेत एकाच माणसाच्या किंवा कंपनीच्या नावाने दिलासा देणारा कायदा संसदेत मांडण्याची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे ती वहिवाट नाही. ‘अशासकीय विधेयक’ हा शब्द ऐकून काही जणांचा गोंधळ होतो, पण ते मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक असतं. शिवाय ज्या विधेयकाने राज्याच्या तिजोरीतून खर्च होणार, ते राज्यपालांच्या शिफारशीशिवाय संमत करता येत नाही (संविधानाचा अनुच्छेद २०७). तेव्हा ‘आमदार माझ्यासाठी कायदा करतील’ ही आशा सोडून द्यावी.

आधी येण्याची जात ओळखा

पहिली जात म्हणजे खात्याला मान्य असलेलं, पण निधीअभावी थांबलेलं येणं. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, देयक पास झालं, आणि लेखाशीर्षात (त्या खर्चाच्या सरकारी खात्यात) पैसे नाहीत. डिझेल परताव्याचं बहुतेक असंच असतं: प्रस्ताव मंजूर, तरतूद अपुरी. विधिमंडळाचा खरा उपयोग इथे होतो.

दुसरी जात वादातल्या येण्याची. मोबदल्याचा दर कमी लावला, कलमी आंब्याची झाडं मोजणीत धरली नाहीत, जादा कामाचे पैसे नाकारले, किंवा सातबाऱ्यावर सतरा नावं असून वाटप कुणाला किती यावर भांडण आहे. अशा वादात विधिमंडळाची विनंती अर्ज समिती (लोकांचे अर्ज ऐकणारी सदस्यांची समिती) पडत नाही. त्यासाठी लवाद किंवा दिवाणी न्यायालय आहे.

तिसऱ्या जातीत कायद्याने हक्क सांगता येत नाही, पण नियम लावल्यावर उघड अन्याय होतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा मदतीचे निकष हेक्टरी होते. श्रीवर्धन-मुरुडकडच्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, त्यामुळे शंभर पोफळी पडल्या तरी हातात येणारी रक्कम हास्यास्पद. पुढे नारळ-सुपारीसाठी झाडागणिक मदतीचा निर्णय झाला. कोर्टात जाऊन असा बदल मिळवणं अवघड असतं, कारण निकष ठरवणं हा धोरणाचा भाग. विनंती अर्जासाठी याहून योग्य विषय नाही.

आपलं येणं यांतलं कोणतं, हे एका वाक्यात लिहून काढा. लिहिता येत नसेल तर बहुधा एकात दोन प्रश्न मिसळले आहेत. मोबदल्याचा मान्य भाग आणि वाढीव मागणी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांचे अर्जही वेगळे करा.

समोरचा पक्ष नक्की कोण, हेही इथेच ठरवा. साकव जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा असेल तर देणेकरी राज्य शासन नव्हे, जिल्हा परिषद. कोकण रेल्वे हे स्वतंत्र महामंडळ आहे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, मग काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने का करून घेतलेलं असेना.

पैसा तिजोरीतून बाहेर कसा पडतो

ही यंत्रणा समजली की निम्मे खेटे वाचतात. राज्याच्या एकत्रित निधीतला रुपयाही विनियोजन कायद्याशिवाय (सभागृहाने खर्चाला दिलेल्या मंजुरीचा कायदा) खर्च करता येत नाही. अर्थसंकल्पातली तरतूद कमी पडली तर अनुच्छेद २०५ प्रमाणे पुरवणी मागणी आणावी लागते. म्हणजे कार्यकारी अभियंता ‘पैसे नाहीत’ म्हणतो तेव्हा तो नेहमीच टाळाटाळ करत नसतो. बीडीएसवर (निधी वाटपाची सरकारी संगणक प्रणाली) तरतूद दिसत नसेल तर कोषागारातून देयक निघूच शकत नाही.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत दोन शब्द दिसतात: दत्तमत आणि भारित. दत्तमत खर्चावर सभागृहाचं मत घेतलं जातं. भारित खर्चावर मत घेतलं जात नाही. न्यायालयाचा हुकूमनामा किंवा लवादाचा निवाडा भागवायला लागणारी रक्कम अनुच्छेद २०२(३) नुसार भारित असते. म्हणून हातात हुकूमनामा असलेल्याला आमदाराच्या दयेची गरज नसते. त्याने खात्याच्या लेखा शाखेला ‘ही रक्कम भारित आहे, पुरवणी मागणीत धरा’ असं लेखी कळवायचं. सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी निकालापासून तीन महिने रक्कम न भरल्यावरच मागता येते (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ८२). हे तीन महिने लेखा शाखेमागे लागायला वापरावेत.

हुकूमनामा नसेल तर रक्कम दत्तमत खर्चात. म्हणजे खात्याने मागायला हवी, वित्त विभागाने मानायला हवी, सभागृहाने मंजूर करायला हवी. पुरवणी मागण्या अधिवेशनाच्या सुरुवातीलाच मांडल्या जातात, त्यांची यादी त्याआधी कित्येक आठवडे तयार होते. अधिवेशन चालू झाल्यावर मंत्रालयात धावणारा माणूस त्या फेरीला चुकला. मार्चच्या सुमाराचं अर्थसंकल्पी, जून-जुलैचं पावसाळी आणि डिसेंबरचं नागपूरचं हिवाळी, या तीन अधिवेशनांच्या दीड-दोन महिने आधी खात्याकडे निधी मागणीचं पत्र गेलेलं हवं. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ यातले सहा महिने बऱ्याचदा एका अधिवेशनापासून दुसऱ्यापर्यंतचेच असतात.

मुदतीचं घड्याळ

नवख्यांचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. विनंती अर्ज, निवेदनं, लोकशाही दिन, पालकमंत्र्यांची बैठक यांपैकी कशानेही दाव्याची मुदत थांबत नाही. पैशाच्या वसुलीच्या साध्या दाव्याला मुदत कायदा १९६३ प्रमाणे तीन वर्षं मिळतात. चार वर्षं समितीची वाट पाहून शेवटी वकिलाकडे गेलात तर तो हात वर करतो.

सरकारविरुद्ध दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. राज्य शासनासाठी ती खात्याच्या सचिवाला किंवा जिल्हाधिकाऱ्याला द्यायची. नोटिशीत दाव्याचं कारण, तुमचं नाव, वर्णन, राहण्याचं ठिकाण आणि मागितलेला दिलासा हे पाचही हवेत. एकही गळलं तर सरकारी वकील पहिली हरकत तीच घेतो. नोटिशीचे दोन महिने मुदतीतून वगळले जातात, पण त्या भरवशावर राहू नका. समजा देयक १५ जून २०२४ रोजी देय झालं. तीन वर्षं १५ जून २०२७ ला भरतात. नोटीस डिसेंबर २०२६ पर्यंत गेलेली बरी, म्हणजे पोचपावती हरवली, पत्ता चुकला तरी दुरुस्तीला वेळ उरतो.

जिल्हा परिषद, नगर परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या कायद्यांत नोटिशीच्या वेगळ्या तरतुदी आहेत आणि काही कृतींबाबत दाव्याची मुदत जेमतेम सहा महिन्यांची. वकिलाला हे पहिल्याच भेटीत विचारा.

मुदत वाढवणारी एक गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे लेखी कबुली. तीन वर्षं संपण्याआधी अधिकृत अधिकाऱ्याने ‘आपले देयक निधीअभावी प्रलंबित आहे’ असं सहीनिशी लिहून दिलं, तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. ती कबुली तुम्हालाच लिहिलेली असावी असंही नाही. कार्यकारी अभियंत्याने अधीक्षक अभियंत्याला पाठवलेल्या निधी मागणीच्या पत्रात तुमचं देयक आकड्यासह असेल, तर तेही पुढे करता येतं. असलं पत्र माहितीच्या अधिकारातून हाती लागतं आणि बऱ्याचदा अख्ख्या फाईलपेक्षा मोलाचं ठरतं.

कागद

ठेकेदार किंवा पुरवठादाराने कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या पानांच्या प्रती, देयकाची पोच, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि सुरक्षा ठेवीची पावती एकत्र ठेवावी. जादा बाबींना लेखी मंजुरी होती का ते तपासावं. ‘साहेबांनी तोंडी सांगितलं’ यावर केलेलं काम हे कोकणातल्या लहान ठेकेदारांचं नेहमीचं दुखणं. पावसाआधी रस्ता उघडायचा असतो, दरड बाजूला करायची असते, कागद मागून येईल म्हणतात आणि तो येत नाही. सगळंच बुडालं असं मात्र नाही. करार कायदा १८७२ च्या कलम ७० प्रमाणे, फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या आणि समोरच्याने लाभ घेतलेल्या कामाची भरपाई मागता येते. सरकारशी अनुच्छेद २९९ प्रमाणे रीतसर करार झालेला नसला तरी हे कलम लागू पडतं, असं सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या बी. के. मंडल खटल्यात मानलं आहे. यासाठी तारखेसह फोटो, मजुरांचे हजेरीपट, डिझेलच्या पावत्या, ग्रामपंचायतीचं पत्र असं सगळं जपा.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाने माल पुरवला असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं आणि त्यासाठी याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जाता येतं. नोंदणी पुरवठ्याच्या आधीची हवी. नंतर केलेल्या नोंदणीवर हा हक्क सांगायला गेलात की वाद उभा राहतो.

जमिनीच्या मोबदल्यात घोटाळा बहुधा सातबाऱ्यातच असतो. आजोबांचं नाव तसंच, वारसांची नोंद नाही, दोन भाऊ मुंबईला, एक बहीण पत्त्याविना, पोटहिस्सा जागेवर पडलेला पण नकाशात नाही, वर जुन्या कुळाची नोंद. सक्षम प्राधिकारी, म्हणजे बहुतेक प्रांत, अशा वेळी रक्कम वाटत नाहीत. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ च्या कलम ३एच(४) प्रमाणे वाटपाचा वाद ते दिवाणी न्यायालयाकडे पाठवतात. तिथे गेलेली रक्कम घरच्या भांडणात अडकलेली असते, सरकारकडे नव्हे. त्यावर विधिमंडळात लक्षवेधी सूचना लावून उपयोग नाही. फेरफार करून घ्या, मुंबईकरांना शिमग्याला किंवा गणपतीत एकत्र बसवून संमतीपत्रावर सह्या घ्या. दराबद्दल तक्रार असेल तर त्याच कायद्याच्या कलम ३जी(५) प्रमाणे लवादाकडे अर्ज करायचा. दर कलम ३ए च्या अधिसूचनेच्या तारखेचा धरतात, ताबा घेतला त्या दिवसाचा नाही. हा फरक ठाऊक नसल्याने चुकीच्या वर्षाचे खरेदीखतांचे दाखले जोडले जातात.

फाईल कुठे आहे हे कळायला माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं विचारू नका. ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील नस्तीतील टिप्पणी व पत्रव्यवहार यांच्या प्रती द्याव्यात’ असं मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील.

विनंती अर्ज: पायरीपायरीने

विधानसभा आणि विधान परिषद या दोघांच्याही स्वतंत्र विनंती अर्ज समित्या असतात. लोकसभेत अशी समिती १९२४ पासून, म्हणजे ब्रिटिश काळातल्या केंद्रीय कायदेमंडळापासून चालत आली आहे. तिच्या नियमाप्रमाणे न्यायालयापुढे असलेला विषय अर्जात चालत नाही आणि कायद्याने दुसरा उपाय उपलब्ध असेल तर तोही नाही. महाराष्ट्रातले नियम बऱ्याच अंशी याच धर्तीवर आहेत. म्हणून पहिली आणि तिसरी जात इथे चालते, दुसरी परत येते.

नमुना विधिमंडळ सचिवालयाच्या नियम पुस्तिकेत मिळतो, तोच वापरा. अर्ज सभागृहाला उद्देशून असतो, मंत्र्याला नव्हे. वर अर्जदारांची ओळख, मग क्रमांक घातलेले परिच्छेद, शेवटी विनंती. साधारण असा:

‘महाराष्ट्र विधानसभेस सादर. मौजे ____, तालुका ____, जिल्हा ____ येथील खाली सही करणाऱ्या रहिवाशांचा विनंती अर्ज. १) अर्जदारांच्या ____ सहकारी सोसायटीचे सन ____ चे डिझेल परताव्याचे प्रस्ताव दिनांक ____ रोजी मंजूर झाले आहेत. २) तरतुदीअभावी रक्कम रुपये ____ अद्याप अदा झालेली नाही. ३) दिनांक ____ आणि ____ रोजीच्या अर्जांना उत्तर मिळालेले नाही. म्हणून अर्जदारांची नम्र विनंती की, मंजूर प्रस्तावांसाठी मत्स्यव्यवसाय विभागाने पुढील पुरवणी मागणीत तरतूद करावी, अशी शिफारस सभागृहाने करावी.’

विनंती एकच, एका खात्याला करता येईल अशी, आणि पूर्ण झाली की नाही हे तपासता येईल अशी. ‘आम्हास न्याय मिळावा’ ही विनंती नव्हे. तिच्यावर खातं ‘प्रकरण तपासण्यात येत आहे’ एवढंच लिहितं. भाषा सभ्य ठेवा. अधिकाऱ्याचं नाव घेऊन आरोप केले तर अर्ज तांत्रिक कारणावरच बाजूला पडतो. भ्रष्टाचाराची तक्रार असेल तर तिच्यासाठी लोकायुक्त आहेत.

सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता हवा, निनावी अर्ज केराच्या टोपलीत. एकाची सही पुरते, पण एकाच कारणाने अडकलेल्या चाळीस जणांचा अर्ज सार्वजनिक हिताचा विषय ठरतो, एकट्याचा ‘वैयक्तिक गाऱ्हाणं’ ठरण्याची भीती. मच्छीमारांनी सह्या १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत गोळा कराव्यात. एरवी निम्मी माणसं समुद्रात असतात. लोकसभेच्या नियमात अर्जाला कागद जोडायची मनाई आहे, त्यामुळे आवश्यक तारखा आणि आकडे मजकुरातच घाला आणि प्रतींचा संच समितीने मागितला की द्यायला वेगळा बांधून ठेवा.

अर्ज सदस्यामार्फत सादर होतो, त्यावर सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. रायगडचे सात, रत्नागिरीचे पाच आणि सिंधुदुर्गाचे तीन मिळून पंधरा विधानसभा सदस्य. तुमचे आमदार मंत्री असतील तर ते सरकारलाच प्रश्न विचारत नाहीत. तेव्हा परिषदेकडे वळा. कोकण पदवीधर, कोकण शिक्षक आणि रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग स्थानिक प्राधिकारी अशा मतदारसंघांचे सदस्य तिथे असतात. आणखी एक हिशेब ध्यानात घ्या: विधानसभा विसर्जित झाली की तिच्या समितीपुढच्या अर्जांचा धागा तुटतो. परिषद कायम सभागृह आहे. विधानसभेचं शेवटचं वर्ष चालू असेल तर अर्ज परिषदेत सादर करणं शहाणपणाचं.

पुढे समिती खात्याचे अभिप्राय मागवते, सचिवांना साक्षीला बोलावते, कधी जागेवर भेट देते आणि सभागृहाला अहवाल देते. शिफारस न्यायालयाच्या आदेशासारखी बंधनकारक नसते. तरीही साक्षीची तारीख लागली की सचिव जिल्ह्याकडून माहिती मागवतात आणि वर्षभर हललेली नसलेली फाईल आठ दिवसांत मंत्रालयात पोचते. कित्येक येणी अहवालाआधीच, या टप्प्यावर सुटतात.

आमदाराकडून आणखी काय मागावं

तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना ही साधनं वेगवेगळी आहेत. मंत्र्याचं उत्तर हवं असेल तर प्रश्न, तातडीचा आणि अनेकांचा विषय असेल तर लक्षवेधी, खात्याच्या खर्चाच्या मागणीवर गाऱ्हाणं मांडायचं असेल तर कपात सूचना. आमदाराला वीस पानांचं निवेदन देऊ नका. त्यांच्या कार्यालयाला एका पानावर खातं, रक्कम, मंजुरीची तारीख, फाईल क्रमांक आणि विचारायचा नेमका प्रश्न लिहून द्या. मंत्र्याने सभागृहात ‘तीन महिन्यांत रक्कम दिली जाईल’ म्हटलं तर कार्यवृत्तातला तो मजकूर मिळवा. असं आश्वासन आश्वासन समितीच्या यादीत जातं आणि पूर्ण होईपर्यंत खात्याला तिच्यापुढे उत्तर द्यावं लागतं.

विषय महामार्ग, रेल्वे, सीमाशुल्क असा केंद्राचा असेल तर खासदारांमार्फत लोकसभेच्या किंवा राज्यसभेच्या समितीकडे जावं लागतं. लोकसभेचा अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत हवा. मराठीत लिहिलात तर सही केलेलं भाषांतर सोबत लागतं. एरवी तक्रार-निवेदन कोणत्याही अधिकाऱ्याला मराठीत देण्याचा हक्क अनुच्छेद ३५० ने दिलेला आहे.

समिती आणि कोर्ट दोन्हीकडे एकाच मागणीसाठी जाता येत नाही. दावा दाखल झाला की समिती विषय सोडते. मुदत जवळ आली असेल तर निवड कोर्टाचीच करा, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे वाडवडिलांनी कितीही सांगितलेलं असो. उच्च न्यायालयात रिट करायची वेळ आली तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली आहेत. रायगडकरांना मुंबईच.

आणि शेवटी रक्कम आली, पण मागितल्यापेक्षा कमी आली, तर पावतीवर सही करण्याआधी ‘हरकत राखून, वाढीव मोबदल्याचा हक्क कायम ठेवून स्वीकारली’ असं स्वतःच्या हाताने लिहा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात हरकत न नोंदवता रक्कम घेणाऱ्याला पुढे वाढीव मागणीचा संदर्भ मागता येत नाही. कारकून म्हणेल, असं लिहायची पद्धत नाही. लिहा, आणि त्या पावतीचा फोटो काढून घ्या.